पट्रोनममधले पितर: कल्पितकथांतली नावं आणि मंत्र

आजचा विषय आहे कल्पितकथांमधली बनवलेली नावं आणि बनवलेले मंत्र. उदाहरण मुख्यतः हॅरी पॉटरचं घेणार आहोत. कारण सोपं आहे, ते तुमच्यापैकी बहुतेकांनी वाचलेलं किंवा पाहिलेलं आहे, आणि 'हॅरी पॉटर आणि परीस' या नावानं ते मराठीतही आलेलं आहे. टॉल्किन आणि ले ग्विन मधूनमधून येतील.

या विषयावर सहसा काय सांगितलं जातं? एक यादी दिली जाते. लुमोस म्हणजे लॅटिनमधला उजेड, नॉक्स म्हणजे रात्र, ड्रेको म्हणजे ड्रॅगन, लूपिन म्हणजे लांडग्याचा, सिरियस म्हणजे श्वानतारा. माहिती बरोबर आहे. पण तिथेच थांबलं तर आपण फक्त कोशाचं काम केलं, समीक्षा झाली नाही. रीमस लूपिन हा माणूस पौर्णिमेला लांडगा होतो हे त्याच्या नावात दोनदा लिहिलेलं आहे. रोमच्या आख्यायिकेतल्या रीमसला लांडगीनं दूध पाजलं होतं. लॅटिन येणाऱ्या वाचकाला रहस्य पहिल्याच पानावर फुटतं. मग लेखिकेनं असं का केलं असेल? आमचं मत असं की ही नावं कळण्यासाठी नाहीत आणि न कळण्यासाठीही नाहीत. ती अर्धी कळावीत अशी घडवलेली आहेत. मंत्राचं बळ त्या अर्ध्या कळण्यात असतं.

इंग्रजी वाचकासाठी लॅटिन ही चर्चची, कोर्टाची, औषधाच्या चिठ्ठीची आणि शाळेच्या बोधवाक्याची भाषा. रोज बोलायची नाही, पण तिचे तुकडे इंग्रजीत सगळीकडे सांडलेले. रोलिंगबाई एक्सेटर विद्यापीठात फ्रेंच शिकल्या, अभिजात भाषांचीही त्यांना ओळख होती. त्यांनी हे तुकडे उचलले आणि मुद्दाम वाकडे जोडले. 'विंगार्डियम लेविओसा' बघा. यातला 'विंग' सरळ इंग्रजी पंख आहे, त्याला लॅटिन शेपूट लावलंय, आणि 'लेवि' म्हणजे हलकं. हे चांगलं लॅटिन नाहीच. शाळकरी पोरानं मास्तरांची नक्कल करावी तसं आहे, आणि म्हणून ते गोड आहे.

आता एक गंमत. गमतीचे मंत्र असे मोडके आहेत, पण क्रूर मंत्र व्याकरणशुद्ध आहे. 'क्रुसिओ' हे खरंखुरं लॅटिन क्रियापद आहे: मी यातना देतो. मुळाशी क्रूस आहे, ज्यावर माणसं टांगली जात. तिथे विनोद नाही, शेपूट नाही. हसवायचं असेल तेव्हा भाषा वाकवायची आणि दुखवायचं असेल तेव्हा सरळ ठेवायची, हा निर्णय लेखिकेच्या कानानं घेतलेला आहे. यादी करणाऱ्यांना तो दिसत नाही.

सगळ्यात भयंकर मंत्र मात्र लॅटिन नाहीच. 'अवाडा केडाव्रा'. त्याच्या मागे 'अब्राकाडाब्रा' आहे हे कानालाच कळतं, आणि 'कडाव्हर', म्हणजे प्रेत, हा लॅटिन शब्दही आत कुठेतरी वाजतो. अब्राकाडाब्रा आपल्याला जादूगाराच्या टोपीतून निघाल्यासारखा वाटतो, पण तो जुना वैद्यकातला शब्द आहे. सेरेनस सॅमॉनिकस या रोमन लेखकाच्या पद्यरूप वैद्यक-ग्रंथात तो येतो. हिवतापासारख्या तापावरचा उपाय म्हणून. शब्द कागदावर लिहायचा, खालच्या ओळीत एक अक्षर कमी, त्याखाली आणखी एक कमी, असं करत टोकाला एकच अक्षर उरतं. तो कागद गळ्यात बांधायचा. शब्द झिजतो तसा ताप झिजतो. म्हणजे चक्क ताईत! एडिंबरोच्या पुस्तक महोत्सवात २००४ साली रोलिंगबाईंनी सांगितलं की हा मूळचा अरामी भाषेतला मंत्र असून त्यात रोगाचा नाश व्हावा असं म्हटलेलं होतं, आणि आपण रोगाच्या जागी समोरचा माणूस घातला. अरामी उगमाबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही, तो वाद बाजूला ठेवू. पण त्यांनी केलेला बदल फार मोठा आहे. आजाऱ्याच्या गळ्यातला शब्द काढून त्यांनी मारेकऱ्याच्या तोंडात घातला. आधी नाहीसा व्हायचा होता तो ताप, आता माणूस. व्होल्डेमॉर्टचं सगळं राजकारण याच शब्दात आहे: काही माणसं म्हणजे रोग.

नावांकडे वळू. डम्बलडोर हा इंग्रजी बोलीतला जुना शब्द आहे, अर्थ भुंगा. हे गृहस्थ स्वतःशी गुणगुणत हिंडत असतील अशी कल्पना करून नाव ठेवलं, असं लेखिकेनंच सांगितलंय. पण हाच शब्द टॉमस हार्डीच्या १८८६ च्या 'द मेयर ऑफ कास्टरब्रिज' कादंबरीत भेटतो. तिथे एलिझाबेथ-जेन नावाची मुलगी मोठ्या घरात राहायला येते, तिचं गावठी बोलणं बापाला खपत नाही, आणि ती जे शब्द टाकते त्यांत हा एक आहे. लाजून टाकलेला गावठी शब्द शंभर वर्षांनी जगातल्या सर्वांत मोठ्या जादूगाराचं नाव होतो. ज्यांनी शाळेत 'व्हतं' म्हटलं म्हणून हात पुढे केलाय, त्यांना यातली गोष्ट वेगळी समजावायला नको.

आणि ज्याचं नाव घ्यायचं नाही, तो. व्होल्डेमॉर्टमध्ये फ्रेंच 'मॉर' आहे, मृत्यू. शेवटचा 'ट' लेखिकेच्या मते उच्चारायचाच नाही. 'व्होल' म्हणजे उड्डाणही आणि चोरीही. पण लोक ते नाव उच्चारत नाहीत, हा भाग आपल्याला परका आहे का? रात्री सापाला साप म्हणायचं नाही, लांबडं म्हणायचं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, 'अहो' म्हणायचं; आणि घ्यायचंच झालं तर उखाण्यात गुंडाळून. नाव म्हणजे त्या वस्तूवरचा ताबा, ही समजूत जगभर आहे. उर्सुला ले ग्विन यांनी १९६८ मध्ये अर्थसीच्या पहिल्या कादंबरीत तर सगळी जादूच त्यावर उभी केली. तिथे प्रत्येकाला एक वापरायचं नाव असतं आणि एक खरं, आणि खरं नाव कुणाला सांगणं म्हणजे जीव त्याच्या हातात देणं. आम्हाला ते रोलिंगपेक्षा खोल वाटतं, पण त्यावर स्वतंत्र बोलावं लागेल.

आता मराठी वाचकाचा प्रश्न. आपल्याकडे लॅटिन सांडलेलं नाही. मराठी शाळेतल्या मुलाला 'लेविओसा' मधून काय ऐकू येणार? वरवर पाहता नुसता आवाज. पण कोश उघडला की दिसतं: लॅटिन 'लेविस' आणि संस्कृत 'लघु' ही एकाच मूळ धातूची नातवंडं. हलकं होण्याची शक्ती आपल्या अष्टसिद्धींमध्ये आहेच, लघिमा. 'नॉक्स' आणि 'नक्त', रात्र. 'मॉर' आणि 'मृत'. इथे टाळ्या वाजवायची घाई नको. (हशा) याचा अर्थ लॅटिन संस्कृतमधून निघालं असा होत नाही. ही चुलत भावंडं आहेत, आई आणि लेक नव्हेत. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या याद्यांमध्ये हा फरक रोज पुसला जातो, म्हणून ठासून सांगतो.

नातं आहे म्हणून ते कानाला ऐकू येतंच असं नाही. एका ठिकाणी मात्र ते ऐकू यायला हवं होतं असं आम्हाला फार वाटतं. १९९९ च्या तिसऱ्या पुस्तकातला 'एक्स्पेक्टो पट्रोनम'. डिमेंटर माणसातला आनंद शोषून घेतात, त्यांच्याविरुद्ध हा मंत्र. बाकीचे बहुतेक मंत्र हुकूम सोडतात: ये, उघड, पड. हा हुकूम सोडत नाही. 'एक्स्पेक्टो' म्हणजे मी वाट पाहतो. त्यात 'बाहेर नजर लावणं' आहे. आपल्या 'अपेक्षा' शब्दातही ईक्ष्, पाहणं, आहे. आणि 'वाट पाहतो' मध्ये तर डोळे उघड उघड रस्त्याकडे लागलेले आहेत. तीन वेगळ्या वाटांनी भाषांनी एकच हावभाव पकडला. 'पट्रोनस' म्हणजे रक्षणकर्ता, आणि त्याच्या पोटात 'पाटर' आहे, बाप. तोच आपला पितृ.

आता कथा आठवा. हॅरीला तळ्यापलीकडे कुणीतरी मंत्र टाकून आपल्याला वाचवताना दिसतं, आणि त्याला वाटतं तो आपला मेलेला बाप आहे. तो बापाची वाट पाहत थांबतो. कुणी येत नाही. मग त्याला कळतं की ते आपण स्वतःच होतो, आणि तो मंत्र म्हणतो. निघतं ते हरिण, त्याच्या बापाचं रूप. म्हणजे अख्खी गोष्ट त्या दोन शब्दांत आधीच भरलेली होती: पितरांची वाट पाहतो. दहाव्याला घाटावर कावळा शिवायची वाट पाहणारी माणसं ज्या भाषेत आहेत, तिला हा मंत्र नुसता आवाज म्हणून देणं हे नुकसान आहे. इंग्रजी मुलालाही पट्रोनसमधला बाप सहज दिसत नाही. मराठी मुलाला तो दाखवता आला असता, कारण 'पितर' आपल्या बोलण्यात जिवंत आहे.

मग सरळ संस्कृत करावं का? 'प्रकाशो भव' वगैरे? इथे आमचा आक्षेप आहे. लॅटिन तिकडे जवळजवळ निवृत्त झालेलं आहे, म्हणून त्याच्याशी खेळता येतं. संस्कृत मंत्र आपल्या घरात अजून कामावर आहे. त्याला पूजेचा वास आहे, आणि तो कुणी म्हणायचा आणि कुणी ऐकायचाही नाही याचा इतिहास आहे. दुसरीकडे मंत्र म्हटलं की भगत आणि भानामती आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला आणि त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला, ही काही जुनी गोष्ट नव्हे. शुद्ध संस्कृत घातलं की हॉगवर्ट्सची शाळा एक तर वेदपाठशाळा होते, नाही तर मांत्रिकाचा अड्डा.

खेळता येतच नाही असं मात्र नाही. १९९३ च्या 'झपाटलेला' मध्ये तात्या विंचूनं 'ओम फट् स्वाहा' केलं, तेव्हा अख्ख्या महाराष्ट्रातली पोरं ते ओरडत होती. स्वाहा होमातलं, फट् तंत्रातलं; दोन्ही अर्धवट कळणारी. आणि नाव बघा: तात्या म्हणजे घरातलं वडीलधारं माणूस, विंचू म्हणजे विंचू. रोलिंगबाईंची कृती हीच. भाषांतरकारानं संस्कृत घ्यावं, पण त्यांनी लॅटिन वाकवलं तितकं वाकवून घ्यावं. 'पंखार्डम् लघिओसा' म्हणून बघा. (हशा) हसलात ना? मूळ वाचून इंग्रजी मूलही असंच हसलं असणार.

टॉल्किननं या बाबतीत भाषांतरकारांना मोकळं सोडलं नव्हतं. डच आणि स्वीडिश भाषांतरांतली नावं त्याला पटली नाहीत, म्हणून त्यानं पुढच्यांसाठी नावांची मार्गदर्शिकाच लिहिली: इंग्रजी अर्थ असलेली नावं अर्थानं बदला, बाकीची जशीच्या तशी ठेवा. त्याच्याकडे आधी भाषा होत्या, कथा नंतर आली. 'मॉर्डोर' त्याच्या एल्फ-भाषेत काळा देश. रोलिंगकडे असं व्याकरण नाही, म्हणून तिच्या भाषांतरकाराला प्रत्येक वेळी नव्यानं ठरवावं लागतं. टॉम मार्व्होलो रिडल या नावाची अक्षरं फिरवून व्होल्डेमॉर्ट स्वतःची ओळख देतो, तिथे फ्रेंचमध्ये आडनाव 'जदुझॉर' झालं आणि मधलं नाव चक्क एल्व्हिस. देवनागरीत ही कसरत आणखी अवघड, कारण आपलं अक्षर म्हणजे व्यंजन, स्वर आणि कधी कधी जोडाक्षर यांचा एकत्र गठ्ठा. गठ्ठे इकडचे तिकडे करून दुसरं नाव सहजी बनत नाही.

शेवटी आपल्या घरचं एक नाव. पार्वती आणि पद्मा पाटील, जुळ्या बहिणी. नाव चुकीचं नाही. असल्या बहिणी सांगलीत किंवा बेळगावात सहज सापडतील. पण जिथे लूपिनला लांडगा मिळतो, मॅल्फॉयला खोटी निष्ठा मिळते, भुंग्याला मुख्याध्यापकपद मिळतं, तिथे पाटलांच्या पोरींना नावातून काय मिळतं? पाटीलकी नाही, गाव नाही, हिमालयाची मुलगी नाही, कमळ नाही. इथे नावाचं काम फक्त 'या भारतीय' एवढं सांगणं. व्होल्डेमॉर्टच्या सापिणीचं 'नागिनी' हे नावही असंच उचललेलं, पण तिला निदान सापाचा अर्थ आहे. मराठीत उतरवताना पुस्तकातल्या जवळजवळ प्रत्येक नावापाशी अडावं लागतं. या एका नावापाशी अडायचं कारण नाही: 'टी' दीर्घ करायची आणि पुढच्या ओळीवर जायचं.