बाटलीवरचे वाङ्मय

कादंबऱ्यांवर समीक्षकांनी पोत्यांनी लिहिले, पण बाटलीवरच्या लेबलाकडे कुणी ढुंकून पाहिले नाही. वास्तविक रीसलिंग द्राक्षाच्या जर्मन वाईनचे लेबल म्हणजे दुर्बोध नवकाव्यच! काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे अशा पायऱ्या चढत ते ‘ट्रोकनबेरेनआउसलेझे’पर्यंत पोचते. एवढा शब्द उच्चारेपर्यंत शेजाऱ्याचा पेला रिकामा!

आपल्याला वाटते, या गोडीच्या पायऱ्या. छे! १९७१च्या जर्मन कायद्याने त्या ठरवल्या द्राक्ष तोडताना रसात साखर किती, यावरून. त्यातली किती आंबून गेली नि किती पेल्यात उतरली, याबद्दल अवाक्षर नाही. मुलाचे दहावीचे मार्क सांगायचे आणि पगार गुलदस्त्यात ठेवायचा, तशातली गत. नुसते ‘ट्रोकन’ लिहिले असेल तर वाईन कोरडी, म्हणजे बिनगोडीची. पण त्या लांबलचक शब्दातले ‘ट्रोकन’ वाळलेल्या द्राक्षाचे, आणि ती वाईन पाकासारखी गोड! ही कोटी असेल तर फार महागडी आहे.

‘श्पेटलेझे’ म्हणजे उशिराची तोडणी. आख्यायिका अशी की, १७७५ साली योहानिसबर्गच्या मळ्यात द्राक्षे पिकली, पण तोडायची परवानगी फुल्डाच्या बिशपकडून यायची. स्वार उशिरा आला. तोवर द्राक्षे सडू लागलेली. वाईन मात्र अप्रतिम झाली. कचेरीच्या दिरंगाईतून काही चांगले निघाल्याचे माझ्या माहितीतले हे एकमेव उदाहरण.

आता जेवणाचे. मोझेलकाठची किंचित गोड, खणखणीत आंबट काबिनेट थाई रश्श्याबरोबर घ्यावी. तिची गोडी तिखटाची धार बोथट करते. फ्रान्समधल्या आल्सेसची कोरडी रीसलिंग डुकराचे मांस आणि आंबवलेल्या कोबीशी जमते. गोड पदार्थाबरोबर मात्र वाईन त्याहून गोड हवी. जिलबीवर चहा पिऊन पाहा, म्हणजे कळेल! इतके सारे जेवण गोडीवर अवलंबून, आणि लेबल नेमके तिथेच मुके. त्यापायी ‘रीसलिंग म्हणजे सरबत’ असा शिक्का बसून चांगल्या कोरड्या बाटल्या फुकट बदनाम होतात. जुन्या रीसलिंगला रॉकेलसारखा वास येतो नि जाणकार त्याला गुण मानतात, हेही लेबल सांगत नाही. बिचारा नवखा गॅसची शेगडी तपासत बसतो.

अलीकडे काही अमेरिकी बाटल्यांच्या पाठीवर ‘कोरडी ते गोड’ अशी सरळ पट्टी छापून त्यावर खूण केलेली असते. ती नसेल तर कोपऱ्यातला अल्कोहोलचा बारीक आकडा वाचावा. आठ टक्के असेल तर साखर बरीच उरली आहे; साडेबारा असेल तर बहुधा कोरडी. बाकी गॉथिक अक्षरे, किल्ले आणि गरुड सावकाश पाहावेत. चित्रे छान असतात.