ताटीबाहेरची मुक्ताई आणि अमर चित्र कथा

धरणगावात आमच्या पिढीने ज्या मालिकेची पहिल्यांदा वाट पाहिली, ती अमर चित्र कथा. जळगावला गेलेले कोणी अंक घेऊन आले की तो दोन दिवसांत गल्लीभर फिरे आणि परत येईपर्यंत त्याचे कव्हर सुटलेले असे. अनंत पै यांनी १९६७ साली ही मालिका सुरू केली. दूरदर्शनवरच्या प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देवांची माहिती होती, पण रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही, तेव्हा हे सुचले असे ते सांगत. पुढे त्यात ज्ञानदेव, एकनाथ, तुकाराम हेही आले.

या अंकांचे ऋण मोठे आहे. देव्हाऱ्यातल्या तसबिरीतले माउली नेहमी बसलेले. चित्रकथेत ते आमच्याच वयाचे, आईबाप गेलेले, गावाने वाळीत टाकलेले मूल झाले. हरिपाठ तोंडपाठ होता, पण तो कोणी लिहिला, त्याचे बालपण कसे गेले, हे तिथे कळले.

मात्र चित्रकथेला सतत काहीतरी घडावे लागते. रेडा वेद बोलतो, भिंत चालते, इंद्रायणीतून गाथा वर येते. अशा प्रसंगांना चौकट आपोआप मिळते. आता ताटीचे अभंग घ्या. कोणाच्या तरी बोलण्याने दुखावलेला भाऊ झोपडीची ताटी लावून आत बसला आहे आणि धाकटी बहीण बाहेरून त्याची समजूत घालते आहे. चित्रकाराने काढायचे काय? बंद दार, पुन्हा बंद दार. फुग्यात मावतील दहा शब्द, आणि मुक्ताई तर अभंगामागून अभंग बोलते आहे. तरी भिंत चालली त्यापेक्षा ती ताटी उघडली, हे मला मोठे वाटते. ज्या ज्ञानोबारायांपुढे योगी चांगदेव नमले, त्यांना रागातून बाहेर काढले ते या लहानगीने. आपल्या खान्देशात तर हे जास्तच खुपावे. मुक्ताई इथेच, तापीकाठी मेहूणला गुप्त झाली. आपल्या जिल्ह्यातून तिची पालखी दरवर्षी आषाढीला पंढरपूरला जाते. भिंतीच्या चित्रात मात्र ती चौघांतली एक, मागे बसलेली.

दुसरी अडचण मांडणीचीच आहे. एक अंक, एक नायक, साधारण बत्तीस पाने. महिपतीबुवांनी १७६२ साली भक्तविजय लिहिला, त्यात संत एकमेकांच्या गोष्टींत ये-जा करतात. गोरोबाकाका थापटणे घेऊन सगळ्यांची मडकी तपासतात, नामदेवराय कच्चे ठरतात, मग विसोबा खेचरांकडे जातात. हा प्रसंग नेमका कोणाच्या अंकात घालायचा? कुठेही घातला तरी बाकीचे संत पाहुणे होतात.

तुकोबारायांच्या बाबतीत १९३६ च्या प्रभातच्या ‘संत तुकाराम’ चित्रपटाला हे जास्त जमले. तिथे विष्णुपंत पागनीस अभंग म्हणू लागले की कथा थांबते, आणि ती थांबू देण्याइतका धीर दिग्दर्शकांना होता. जिजाईलाही भांडायला पुरेसा वेळ मिळतो, म्हणून ती कर्कशा न राहता उपाशी लेकरांची आई दिसते.

नातवंडांच्या हाती हे अंक आजही जरूर द्यावेत. फक्त ज्ञानदेवांचा अंक वाचून झाला की त्याच संध्याकाळी घरातल्या कोणीतरी ताटीचे अभंग मोठ्याने म्हणावेत. चित्रे नसली तरी मुले ऐकतात.