टोपी, मशरू आणि हिमरू : औरंगाबादच्या वस्त्रपरंपरेतील औचित्यविचार

दख्खनमधील इस्लामी वस्त्रपरंपरेसंबंधी दोन मते वारंवार मांडली जातात. हिमरू ही किनखापाची स्वस्त नक्कल होय, हे पहिले. आणि औरंगजेबाने स्वहस्ते शिवलेल्या टोप्या या त्याच्या कलाविन्मुखतेच्या निदर्शक होत, हे दुसरे. मलिक अंबराने १६१० मध्ये वसविलेली खडकी १६५३ मध्ये औरंगाबाद झाली व २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. या नगरीच्या वस्त्रांकडे पाहता ही दोन्ही मते अपुरी ठरतात. दोहोंचा दोष एकच : वस्त्र किती झळकते हे पाहिले जाते, ते शरीराच्या कोणत्या भागी व कोणापुढे धारण करावयाचे हे पाहिले जात नाही.

प्रथम टोपीचा विचार करू. टोप्यांच्या कमाईतून औरंगजेबाची कबर बांधली गेली, असे सर्रास सांगितले जाते. हमीदुद्दीनखानाच्या नावावर असलेल्या व जदुनाथ सरकारांनी इंग्रजीत आणलेल्या ‘अहकाम-इ-आलमगिरी’तील मृत्युपत्राचा आशय वेगळा आहे. टोप्यांचे चार रुपये दोन आणे कफनासाठी खर्चावेत. कुराणाच्या नकलांचे ३०५ रुपये फकिरांना वाटावेत. तिरडीवर गजीचे जाडेभरडे कापड घालावे आणि मस्तक उघडे ठेवून दफन करावे. यातील शेवटची सूचना सर्वाधिक अर्थपूर्ण होय. दरबारी खिलतीत पागोट्याला मानाचे स्थान असे. आपल्या भाषेतील ‘शिरपाव’ हा शब्द त्याच मस्तकापासून पायांपर्यंतच्या पोशाखाची खूण आहे. प्रार्थनेच्या वेळी साधी टोपी आणि परमेश्वरापुढे अपराधी म्हणून उभे राहताना उघडे मस्तक, अशा या पायऱ्या आहेत. वस्त्राची भाषा पूर्णपणे अवगत असलेला मनुष्यच तिचा असा त्याग योजू शकतो. खुलदाबाद येथे शेख झैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्याच्या आवारातील छतविरहित कबर याच विचाराशी सुसंगत आहे. तिच्याभोवतीची संगमरवरी जाळी उत्तरकालीन होय.

हीच मर्यादा विणकामात कशी उतरते, ते मशरूत दिसते. ‘मशरू’ म्हणजे शरियतीस संमत. पुरुषांनी शुद्ध रेशीम वापरू नये, असा धार्मिक दंडक आहे. हनफी धर्मशास्त्राने रेशमी ताणा व सुती बाणा असलेल्या वस्त्रास अनुज्ञा दिली. विणकराने अशी वीण साधली की रेशीम दर्शनी अंगास आले व कापूस त्वचेस लागला. यास पळवाट म्हणणे सोपे आहे. परंतु निर्बंधाचे रचनेत रूपांतर करणे हे कलेचे कार्यच नव्हे काय? छंदाचे बंधन कवितेस जसे घडविते, तसेच येथे घडले आहे.

हिमरूवरील आक्षेप नावावरून निघालेला आहे. फारसी ‘हम-रू’, म्हणजे सारख्या रूपाचे, अशी त्याची व्युत्पत्ती सांगतात. परंतु साम्य दर्शनी रूपाचे आहे, घडणीचे नव्हे. किनखापाचे वैभव जरीत आहे. हिमरूत सुती पायावर जादा रेशमी बाण्याने वेलबुट्टी उठविली जाते, आणि मागील बाजूस राहणारे सुटे धागे वस्त्रास मऊपणा व ऊब देतात. पुष्कळ जण त्यास भरतकाम समजतात, तेही चूक होय. कारचोबीत चौकटीवर ताणलेल्या तयार कापडावर सुईने कलाबतू चढवितात; हिमरूची नक्षी कापडाबरोबरच मागावर जन्मते. ती वेगळी काढता येत नाही.

क्षेमेंद्राने औचित्यास काव्याचे जीवित मानले. त्याच्या कसोटीचा येथे उपयोग करण्यास हरकत नसावी. मग किनखाप, मशरू व टोपी ही श्रेष्ठकनिष्ठतेची उतरंड राहत नाही. ती भिन्न प्रसंगांची भिन्न उत्तरे ठरतात.

हा प्रश्न केवळ परिभाषेचा नाही. हातमागावरील हिमरू आज फार थोड्या हातांत उरले आहे. ते ‘नक्कल’ मानले, तर यंत्रमागावरील अधिक चकचकीत नक्कल त्याची जागा घेण्यास मोकळी होते. कारण नकलेच्या नकलेने काय बिघडते? ते स्वतंत्र रचना मानले, तरच त्या मागाचे जतन करण्यास सबळ कारण उरते.