माया नसलेले कपडे

मला नटायला आवडतं. साठी आली तरी आवडतं. नवा गळा, नवी बाही दिसली की पाय दुकानासमोर थबकतात, आणि त्याची मला लाज वाटत नाही. माझा राग फॅशनवर नाही. तिच्या नावाखाली जे गळ्यात मारतात त्यावर आहे.

गेल्या दिवाळीत बेळगावच्या बाजारातून १,८०० रुपयांचा खणाचा कुडता आणला. खण म्हणजे आमच्या शेजारच्या गुळेदगुड्डचा. त्याची नक्षी मागावर विणलेली असते, उलट्या बाजूला तिचे सुटे धागे दिसतात. घरी येऊन बघते तर ह्याची उलटी बाजू पांढरट! पॉलिएस्टरवर खणाचं चित्र छापलेलं. बरं, छापील तर छापील, शिवण तरी? टाके धावदोऱ्यासारखे लांब. सुती अस्तर न भिजवताच लावलेलं, ते पहिल्या धुण्यात आटलं आणि वरच्या कापडाला फुगे आले. भाचीच्या साखरपुड्यात तिला ओवाळायला हात उचलला आणि मुंढा टरकन उसवला. सगळा कार्यक्रम पदर नसताना पदर सावरल्यासारखी वावरले.

दुसऱ्या दिवशी शिंपीमामांकडे गेले. त्यांनी आतून बघितलं आणि म्हणाले, "अक्का, ह्यात मायाच नाही की ओ. टाका धरू कशात?"

शिवणीच्या आत राखलेल्या जादा कापडाला आपण माया म्हणतो. बाई बाळंतपणानंतर भरते, पोर वर्षात वाढते, हे धरून ठेवलेली ती जागा. ह्या कुडत्यात ती जेमतेम पाव इंच, त्यावर ओव्हरलॉक मारून विषय संपवलेला.

आई गेल्यावर तिचं इरकली काठाचं पोलकं माझ्याकडे आलं. मला घट्ट होत होतं. बाजूच्या शिवणी उसवल्या तर आत इंचभर माया, आणि तिथे मूळचा गर्द हिरवा रंग तसाच. बाहेरचा कधीच विटला होता. आता घालते तेव्हा काखेखाली ती गर्द पट्टी दिसते. दिसू दे.

दोष मशीनवर बसणाऱ्या बाईचा नाही. नगावर मजुरी मिळते, ती बारीक टाका घालत बसली तर तिचंच नुकसान. पाव इंच कापड वाचवायचं, हे ठरवणारा वेगळाच असतो. आणि आपण? दोनदा घातलं, फोटो काढला, झालं, असं म्हणून आपणच त्याचं काम सोपं करतो.

म्हणून हल्ली दुकानात मी कपडा आधी उलटा करते. टाके बघते, शिवण दोन्हीकडून ओढून बघते, माया बोटांनी मोजते. काउंटरवरचा पोरगा हसतो. हसू दे की. आरशासमोर उभी राहायची हौस मला अजून आहेच, पण आरशाचा नंबर नंतर.