भूदृश्याचे वर्गीकरण आणि नकाशाची सत्ता : नाशिक जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

भौगोलिक माहिती प्रणाली आणि दूरसंवेदन ही साधने एकेकाळी मोजक्या शासकीय संस्थांच्या ताब्यात होती. इस्रोचे ‘भुवन’ २००९ साली खुले झाले, भूपृष्ठाच्या उंचीची आधारसामग्री मोफत मिळू लागली आणि परवाना-शुल्काशिवाय वापरता येणारी संगणकप्रणालीही महाविद्यालयीन प्रयोगशाळेत पोहोचली. त्यामुळे तालुका हे क्षेत्र घेऊन ‘भूमी उपयोजन व भूआच्छादन’ या शीर्षकाचा प्रबंध लिहिणे आता कठीण राहिलेले नाही. कठीण राहिले आहे ते वेगळेच. नकाशावर रंगवलेला वर्ग जमिनीवर खरोखर अस्तित्वात आहे काय, हा प्रश्न बहुतेक अभ्यासांत विचारलाच जात नाही. एकूण अचूकता ८५ टक्क्यांच्या वर गेली की प्रकरण संपते. अमेरिकन भूगर्भ सर्वेक्षणासाठी अँडरसन व सहकाऱ्यांनी १९७६ साली मांडलेला हा निकष त्या काळाची व्यवहार्य अपेक्षा होती. आपल्याकडे त्याला उत्तीर्ण होण्याच्या गुणांची प्रतिष्ठा लाभली आहे.

शिवाय अचूकता मोजते ती केवळ पिक्सेल योग्य वर्गात पडला की नाही हे. वर्गच चुकीचा आखला असेल तर ते सांगण्याची सोय तीत नसते. प्रस्तुत लेखाचा रोख या दुसऱ्या प्रश्नाकडे आहे. त्यासाठी पश्चिम घाटाविषयीच्या दोन अहवालांचा विचार नाशिक जिल्ह्याच्या भूमीवर उभे राहून केला आहे.

दोन अहवाल, दोन जाळ्या

माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ समितीने ऑगस्ट २०११ मध्ये, तर के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय कार्यगटाने एप्रिल २०१३ मध्ये अहवाल सादर केला. दोन्ही अहवालांचा पाया भौगोलिक माहिती प्रणाली हाच होता. गाडगीळ समितीने घाटावर पाच मिनिटे अक्षांश-रेखांशांची, म्हणजे सुमारे ९ × ९ किलोमीटरची जाळी टाकली, प्रत्येक चौकटीला उंची, उतार, वनाच्छादन, प्रदेशनिष्ठ प्रजाती अशा निकषांवर गुण दिले आणि संपूर्ण घाट संवेदनशील मानून त्याचे तीन श्रेणींत विभाजन केले. कस्तुरीरंगन कार्यगटाने २४ मीटर विभेदनक्षमतेच्या लिस-३ प्रतिमा वापरल्या आणि आरंभीच घाटाचे दोन तुकडे केले : ‘सांस्कृतिक भूदृश्य’ सुमारे ६० टक्के आणि ‘नैसर्गिक भूदृश्य’ सुमारे ४० टक्के. नैसर्गिक भूदृश्यातील जैविक समृद्धी अधिक, वनांचे विखंडन कमी आणि लोकसंख्येची घनता कमी असलेला भाग, म्हणजे घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग, पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील ठरला.

चर्चासत्रांतून या दोन अहवालांची तुलना वारंवार होते. गाडगीळ अहवालाच्या नावे ६४ टक्के आणि कस्तुरीरंगन अहवालाच्या नावे ३७ टक्के असे आकडे शेजारीशेजारी मांडले जातात. परंतु पहिल्या अहवालाने घाटाचे क्षेत्र सुमारे १ लाख २९ हजार चौ. कि.मी. धरले होते आणि दुसऱ्याने सुमारे १ लाख ६४ हजार. छेद वेगळा असताना केलेली ही वजाबाकी भूगोलाच्या अध्यापकाने तरी करू नये.

अधिक महत्त्वाचा मुद्दा सूक्ष्मतेचा आहे. ९ किलोमीटरची चौकट म्हणजे ८,१०० हेक्टर. सह्याद्रीच्या कड्यापाशी एवढ्या चौकटीत कडा, पठार, भातखाचरे आणि चार-सहा गावे सहज सामावतात. त्या तुलनेत २४ मीटरचा पिक्सेल म्हणजे जेमतेम पावणेसहा गुंठे. त्यामुळे दुसरा नकाशा अधिक शास्त्रीय आहे, असा समज होणे स्वाभाविक होते. मात्र गुंठ्यांच्या सूक्ष्मतेने सुरू झालेला हा प्रवास अखेरीस गावाच्या शिवेवर येऊन थांबतो. ज्या गावाचे २० टक्के वा त्याहून अधिक क्षेत्र संवेदनशील, ते संपूर्ण गाव यादीत, असा नियम होता. १,००० हेक्टरच्या एखाद्या गावात कड्यावरचे २०० हेक्टर रान असेल तर खालची सगळी खाचरे यादीत येतात. शेजारच्या तेवढ्याच गावात ते १९० हेक्टर भरले तर कड्यासकट गाव बाहेर राहते. पिक्सेलची काटेकोरता या टप्प्यावर उरतच नाही, उरतो तो तिचा दबदबा. गाडगीळ समितीची चौकट ओबडधोबड होती खरी, पण ती ओबडधोबड असल्याचे तिने लपवले नाही आणि अंतिम सीमा स्थानिक पातळीवर, ग्रामसभांच्या सहभागाने ठरवाव्यात असे सुचवले. या दोहोंपैकी प्रामाणिक पद्धत कोणती, याचे उत्तर विभेदनक्षमतेच्या आकड्यात मिळणार नाही.

‘नैसर्गिक’ म्हणजे काय?

कार्ल सॉअर यांनी १९२५ साली भूदृश्याच्या रूपविज्ञानाची मांडणी करताना नैसर्गिक क्षेत्र हे माध्यम, संस्कृती ही कर्ता आणि सांस्कृतिक भूदृश्य हे फलित असे नाते सांगितले. ही एकाच भूमीच्या घडणीची प्रक्रिया होती, दोन शेजारी भूखंडांची वाटणी नव्हती. कार्यगटाने मात्र या संज्ञा वाटणीसाठी वापरल्या. नाशिक जिल्ह्यात ही वाटणी कशी डगमगते हे पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही.

जिल्ह्याचा पश्चिम भाग ‘डांग’ आणि पूर्वेकडील सपाट भाग ‘देश’, हा भेद लोकव्यवहारात जुना आहे; १८८३ च्या गॅझेटिअरनेही त्याची नोंद घेतली आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर व इगतपुरी या डांगी पट्ट्यातील उतारांवर कोकणा, महादेव कोळी, वारली, ठाकूर समाज नागली, वरई, खुरासणी अशी पिके फेरपालटाने घेत आले. जमिनीचा कस उतरला की तो उतार पड टाकायचा आणि काही वर्षांनी पुन्हा राब भाजून तेथे नागली लावायची, ही परंपरागत रीत. पावसाळ्यातील ढगांमुळे ऐन खरिपाच्या निरभ्र प्रतिमा क्वचितच हाती येतात. वर्गीकरण होते ते पीक निघाल्यानंतरच्या प्रतिमांवर. त्या प्रतिमेत पड टाकलेला उतार झुडुपी रानासारखा दिसतो आणि नुकताच कापणी झालेला उतार उघड्या जमिनीसारखा. एकाच कुटुंबाच्या एकाच शेताचे दोन तुकडे अशा रीतीने ‘नैसर्गिक’ आणि ‘नापीक’ या दोन वर्गांत जाऊन पडण्याची शक्यता असते. शेत हा वर्ग मात्र दोन्हीकडून निसटतो. (द्राक्षबागेच्या बाबतीतही हा ऋतूचा खेळ आहेच. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर दिंडोरी-निफाडची पाने उतरलेली बाग उपग्रहाला पडीक भासू शकते. पण बागाईतदाराकडे सातबारा आणि आवाज दोन्ही असतात. पेठच्या उतारावरच्या शेतकऱ्याचे तसे नाही.)

याच्या उलट उदाहरण निफाड तालुक्यात आहे. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ ब्रिटिश काळात नांदूरमध्यमेश्वर येथे बंधारा बांधला गेला. पाटबंधाऱ्याचे हे काम. त्यामागे साचत गेलेल्या गाळावर पाणवनस्पती वाढल्या, पक्षी आले, १९८६ साली अभयारण्य झाले आणि २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून सुमारे १,४३७ हेक्टरच्या या पाणथळाला मान्यता मिळाली. हे भूदृश्य नैसर्गिक की सांस्कृतिक? बंधारा नसता तर हे पाणथळ नसते आणि गाळ उपसला गेला असता तर पक्षीही नसते. द्विभाजनाची पद्धत येथे निरुत्तर होते.

‘पडीक’ या वर्गाचे राजकारण

तिसरा प्रश्न उघड्या भूमीचा आहे. भारताच्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह २००० पासून वेळोवेळी प्रसिद्ध होत आला आहे. त्यात झुडुपी जमीन, खडकाळ नापीक जमीन असे वर्ग आहेत. उपग्रहाच्या नोंदीपेक्षा महसुली दृष्टीचा वारसा त्यांत अधिक दिसतो : जेथून सारा मिळत नाही ती जमीन पडीक. आपल्या सातबारावरील ‘पोटखराबा’ हा शब्द त्याच कुळातला. अंजनेरीच्या पठारावरील उघडा बेसाल्ट केवळ परावर्तनाच्या आधारे पाहिला तर खडकाळ नापीक वर्गातच जाईल. पण त्याच डोंगराचे नाव घेऊन शास्त्रीय साहित्यात गेलेली सेरोपेजिया अंजनेरिका ही अतिदुर्मिळ वनस्पती असल्याच पातळ मातीच्या थरात पावसाळ्यात उगवते. अंजनेरीला पुढे संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. तेथील वनस्पतींची आणि कड्यावरील गिधाडांची ख्याती मात्र पायी फिरणाऱ्या निरीक्षकांनी केली, कोणत्याही वर्गीकृत प्रतिमेने नव्हे. येवला तालुक्यातील ममदापूरच्या माळांवर काळविटांचे कळप आहेत आणि तेथेही संवर्धन राखीव क्षेत्र आहे. हे माळ वृक्षाच्छादनाच्या मापाने तपासले तर त्यांच्या पदरी शून्यच येते.

वनांचे विखंडन आणि वृक्षाच्छादन हे निकष घनदाट सदाहरित दक्षिण घाटाला अनुकूल आहेत. उत्तरेकडील कोरडा, पानगळीचा, सड्या-माळांचा घाट त्यांत मुळातच उणा ठरतो. गाडगीळ समितीने राज्यनिहाय स्वतंत्र गुणांकन करून ही अडचण काही अंशी ओळखली होती, ही तिच्या पद्धतीची जमेची बाजू होय.

हे सारे केवळ पद्धतिशास्त्रीय वाद नाहीत. केंद्र शासनाने मार्च २०१४ पासून जुलै २०२४ पर्यंत संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे सहा मसुदे काढले. महाराष्ट्रातील १७,३४० चौ. कि.मी. क्षेत्र त्यात दर्शविले आहे. यादीत आलेल्या गावात खाणी, लाल वर्गातील उद्योग व मोठी बांधकामे यांवर बंधने येतात. यादीबाहेर राहिलेल्या आणि ‘पडीक’ ठरलेल्या डोंगराला दगडखाणीपासून वाचवण्यास नकाशा उपयोगी पडत नाही. गावकऱ्यांनी हरकत घ्यायची तर त्यांच्यासमोर सर्व्हे नंबर असतो, पिक्सेल नसतो; कोणत्या महिन्याच्या प्रतिमेवरून, कोणत्या उंबरठ्याने आपले शिवार कोणत्या वर्गात गेले हे त्यांना कोणी सांगत नाही.

महाविद्यालयांतील भूगोल विभागांना येथे हस्तक्षेपास जागा आहे. पेठ वा इगतपुरीच्या एकेका गावात विद्यार्थ्यांनी ग्रामसभेसमोर वर्गीकृत नकाशा पसरावा, राबाचे उतार, देवराया, गायरान, झरे यांच्या जागा गावकऱ्यांकडून त्यावर खुणावून घ्याव्यात आणि मूळ वर्गीकरणाशी त्या ताडून पाहाव्यात. अशा कामाचा प्रबंध अचूकतेच्या टक्केवारीत कदाचित कमी भरेल. परीक्षकांनी तो त्या कारणास्तव परत पाठवू नये.