करुप्पापुढचे गाऱ्हाणे

इंदिरा सौंदरराजन यांच्या तमिळ कादंबरीचे नाव 'विट्टु विडु करुप्पा', म्हणजे 'सोडून दे, करुप्पा'. तिच्यावरून झालेल्या दूरचित्रवाणी मालिकेचे नाव 'विडादु करुप्पु', म्हणजे 'करुप्पु सोडणार नाही'. पहिले नाव हात जोडून उभ्या असलेल्या माणसाचे आहे, दुसरे दम भरणाऱ्याचे. मालिका एवढी गाजली की कादंबरीबद्दल आज जे बोलले जाते ते बहुतेक दुसऱ्या नावाच्या छायेत. कादंबरी आधीची असली तरी वाचक तिच्याकडे मालिकेमुळे येतो, आणि मालिकेचे पुस्तक म्हणूनच ती हातात घेतो. त्यामुळे त्याच्या तक्रारीही तशाच असतात. त्यातल्या एका तक्रारीला मात्र मला वाटते तिच्या लायकीचे उत्तर अजून मिळालेले नाही.

मराठी वाचकासाठी थोडी ओळख हवी. के. बालचंदर यांच्या 'मिन् बिंबंगळ' या संस्थेने नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात सन टीव्हीसाठी 'मर्मदेशम्' ही कथामाला काढली. दिग्दर्शक नागा, लेखक सौंदरराजन. 'रगसियम्' या कथेत नवपाषाण लिंगाचे गूढ होते, आणि त्यानंतर आले 'विडादु करुप्पु'. करुप्पु किंवा करुप्पसामी हा तमिळ गावांचा वेशीवरचा देव: काळा, मिशाळ, हातात कोयता, बसायला घोडा. कोकणात ज्याला राखणदार म्हणतात आणि गोव्यात देवचार, त्यांच्याच नात्यातला. कथेतल्या गावात अशी श्रद्धा आहे की वाईट वागणाऱ्याला करुप्पु स्वतः येऊन शिक्षा करतो. तशी माणसे मरतातही. शहरातून आलेली शिकलेली मंडळी शोध घेतात आणि शेवटी निघते ते असे: मारेकरी गावातलाच एक तरुण आहे. लहानपणीच्या आघाताने त्याचे मन दुभंगले आहे, आणि त्यातले एक मन करुप्पु होऊन घोड्यावर बसते. (इतक्या वर्षांनी हा शेवट लपवून ठेवण्यात अर्थ नाही. तमिळनाडूत तो शाळकरी पोरांनाही माहीत असायचा.)

वाचकांची पहिली तक्रार नेहमीची: मालिकेनंतर पुस्तक बारीक वाटते. पडद्यावर भागामागून भाग जी रात्र लांबत गेली ती इथे दोन पानांत उजाडते. शिवाय पात्रांचे चेहरे आधीच ठरून गेलेले असतात, चेतन आणि देवदर्शिनी डोळ्यांसमोरून हलत नाहीत. यावर फार बोलण्यासारखे नाही. सौंदरराजन नियतकालिकांच्या वाचकासाठी लिहीत होते, वेग हा त्या लेखनाचा करारच होता. नारायण धारपांच्या 'ग्रहण'वरून 2018 मध्ये झी मराठीवर मालिका आली, पल्लवी जोशी त्यात होत्या, तेव्हा आपल्याकडे नेमकी उलट कुरकुर ऐकू आली: पुस्तक आटोपशीर होते, मालिकेने ताणले. जे आधी भेटते तेच माप ठरते, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी तक्रार शेवटाबद्दल आहे. काही वाचकांना फसवल्यासारखे वाटते: इतकी पाने देव दाखवलात आणि हाती दिलात तो रोगी. दुसरे म्हणतात, उलट इथेच कादंबरी शहाणी होते, अंधश्रद्धेचा फुगा फोडते. हा वाद सहसा श्रद्धाळू विरुद्ध विवेकवादी असा मांडला जातो आणि तिथेच मिटवला जातो. मी दुसऱ्या बाजूचा आदर करतो. देवाच्या नावाखाली खून पचतात हे आपल्याला नवे नाही. महाराष्ट्राला नरबळी आणि जादूटोण्याविरुद्ध 2013 मध्ये कायदा करावा लागला, आणि त्यासाठी झटलेल्या माणसाचा जीव त्याआधीच गेला होता. मारेकऱ्याचा चेहरा दाखवणारी कथा लिहिली जायलाच हवी.

तरीही फसवणुकीची भाषा बोलणारा वाचक भोळा आहे असे मला वाटत नाही. त्याचे नेमके काय हरवले ते पाहायचे तर मदुरैजवळच्या अळगर कोविलकडे पाहावे लागते. तिथे पदिनेट्टाम्पडि करुप्पु, म्हणजे अठरा पायऱ्यांचा करुप्पु, बंद दाराच्या रूपात पुजला जातो. त्या दारापुढे माणसे शपथ घ्यायची, पैशांचे, जमिनीचे, चोरीचे तंटे तिथे सुटायचे. दारापुढे खोटे बोलायची छाती होत नसे. ज्यांना कचेरी परवडत नव्हती त्यांची ती कचेरी होती. सौंदरराजन स्वतः मदुरैत राहणारे, त्यांना हे ठाऊक नसणे शक्य नाही. त्यांच्या कादंबरीतला करुप्पुही आधी न्यायाधीश आहे, भीतीदायक नंतर. तो शिक्षा करतो ती सुटून गेलेल्यांना.

आणि मग शेवटच्या पानांत डॉक्टरी भाषा येते आणि देव आजार ठरतो. पण देवाबरोबर आणखी एक गोष्ट आजार ठरते: अपराध्याला शिक्षा झाली पाहिजे ही मागणी. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचे गाऱ्हाणे खरे होते की तेही लक्षणच होते, याचे उत्तर द्यायला कथा थांबत नाही. ती उपचाराकडे वळते. वाचकाला चुटपुट लागते ती याची. ती व्यक्त करायला त्याच्याकडे 'देव खोटा का पाडलात' एवढीच वाक्यरचना असते, म्हणून आपण त्याला अंधश्रद्ध म्हणून मोकळे होतो.

उलगड्याने न्याय बुडतोच असे नाही. याचे एक उदाहरण सौंदरराजन यांच्याच प्रदेशात, आणि मराठी इतिहासाच्या अगदी आत आहे. कुंभकोणमजवळचे तिरुविसनल्लूर हे गाव तंजावरच्या शहाजीराजांनी 1693 मध्ये विद्वानांना दान दिले आणि त्याला शहाजीराजपुरम् असे नाव मिळाले. पाच भाषांत नाटक रचणारा हा राजा, त्याने गाव बसवले तेही पंडितांचे. त्या पंडितांत श्रीधर वेंकटेश होते, लोकांचे अय्यावाळ. त्यांची गोष्ट अशी. घरी श्राद्ध होते. ब्राह्मण जेवायला येण्याआधी दारात एक भुकेला अस्पृश्य आला आणि अय्यावाळांनी श्राद्धाचे अन्न त्याला वाढले. गावाने बहिष्कार टाकला, प्रायश्चित्त सांगितले गंगास्नानाचे. गंगा कुठे, कावेरीकाठ कुठे. अय्यावाळांनी गंगेची स्तुती केली आणि परसातल्या विहिरीत गंगा उसळली, काठ सोडून गल्लीत वाहू लागली. घरात पाणी शिरल्यावर बहिष्कार घालणारे धावत आले: आवरा, पुरे. कार्तिगै महिन्याच्या अमावास्येला आजही लोक पहाटेपासून त्या विहिरीच्या पाण्याने न्हातात.

याचा उलगडा करायला डॉक्टर नको, पंचांग पुरते. कार्तिगै म्हणजे ईशान्य मोसमी पावसाचे दिवस, गाव कावेरीच्या काठावर, जमिनीतले पाणी वर आलेले. विहीर भरून वाहणे यात नवल काय? हा खुलासा मान्य केला तरी गोष्टीचे काही बिघडत नाही. भुकेल्याला अन्न वाढले गेले ते गेलेच, आणि गावाने त्यावर जो निकाल दिला तो चुकीचा होता हेही तसेच राहते. गंगा त्या गोष्टीत साक्षीला आली आहे. साक्षीदार काढून घेतला तरी खटला उभा राहतो. 'विट्टु विडु करुप्पा'मध्ये न्यायाधीश आणि मारेकरी एकाच देहात कोंबल्यामुळे एकाचा उलगडा झाला की दुसरा कोसळतो. (अय्यावाळांच्या गोष्टीतही एक खोट आहेच. तो जेवलेला माणूस बहुतेक कथनांत पुन्हा येत नाही, आणि जिथे येतो तिथे शिव होऊन येतो. माणूस म्हणून परत आला असता तर?)

हा पेच फक्त आपल्याकडचा नाही. 'ट्विन पीक्स' या अमेरिकन मालिकेबरोबर 1990 च्या सप्टेंबरमध्ये जेनिफर लिंच यांचे 'द सीक्रेट डायरी ऑफ लॉरा पामर' हे पुस्तक निघाले. मालिकेतल्या मृत मुलीची ही रोजनिशी, मालिकेत खुनी उघड होण्याआधीच बाजारात आली, म्हणून मोक्याची पाने 'फाडलेली' दाखवावी लागली. खुन्याचे नाव शोधायला आलेल्या वाचकाला तिथे वर्षानुवर्षे छळ सोसणारी मुलगी भेटली. पुढे पडद्यावर कळले की छळणारा तिचा बापच आहे, पण त्याच्यात एक दुष्टात्मा शिरलेला. इथे दिशा उलटी आहे: करुप्पुच्या कथेत आजार देवाला गिळतो, तिथे भूत माणसाच्या गुन्ह्यावर पांघरूण घालते. रोजनिशी वाचून आलेल्यांना ते पांघरूण डाचते, कारण त्यांनी लॉराचे म्हणणे तिच्याच अक्षरात वाचलेले असते. जोडपुस्तक म्हणून हिणवले जाणारे पुस्तक मालिकेपेक्षा अधिक जबाबदार ठरू शकते, ते असे.

धारपांच्या वाचकाला ही अडचण येत नाही. धारपांकडे वाईट शक्ती खरी असते आणि तिच्याशी झुंजणारा समर्थही खरा, हिशेब उघड्यावर चुकता होतो. म्हणून त्यांच्यावर 'फसवले' असा आरोप सहसा होत नाही, भोळेपणाचा होतो. रत्नाकर मतकरी 'गहिरे पाणी'त भूत बहुधा मनातच ठेवतात, पण त्या मनाने केलेले पाप त्याच्याच पदरात राहते. सौंदरराजन यांना दोन्ही हवे होते, देवाचा दरारा आणि प्रयोगशाळेचा निकाल, आणि बरीच पाने त्यांनी हा तोल सांभाळलाही. बालपणीचा काळ आणि आत्ताचा काळ मालिकेत ज्या रीतीने एकमेकांत गुंफले आहेत ते पाहताना, एका पोराच्या मनात गाव कसे साठत जाते हे जाणवते. तो धागा शेवटापर्यंत नेला असता तर रोगी आणि गाव वेगळे काढता आले नसते.

सौंदरराजन 2024 च्या नोव्हेंबरमध्ये गेले. त्यानंतर तमिळमध्ये त्यांच्यावर लिहिणाऱ्यांनी पुन्हा घोडा, कोयता, रात्र, अंगावरचा काटा यांच्याच आठवणी काढल्या. त्या खऱ्याच आहेत. कादंबरीच्या नावात मात्र एक माणूस बोलतो आहे, आणि 'सोडून दे' म्हणणारा तो कोण, हे कोणी विचारताना दिसत नाही. मारेकरी तरुण? सूड थांबावा असे वाटणारा गाव? की ज्याचे देणे अजून बाकी आहे आणि दारात टापा ऐकू येत आहेत असा एखादा सावकार?