शस्त्रांचे सिंहासन : एका खुर्चीची साक्ष

सिंहासन म्हटले की सोने, मखमल आणि कोरीव नक्षी डोळ्यांसमोर उभी राहते. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने २००२ साली आपल्या संग्रहात घेतलेल्या एका सिंहासनात यांतले काहीही नाही. ते निकामी केलेल्या बंदुका कापून आणि एकमेकींना सांधून घडवलेले आहे. मोझांबिकचे शिल्पकार क्रिस्तोव्हाओ कान्हाव्हातो, ज्यांना कलाजगत ‘केस्टर’ या नावाने ओळखते, यांनी ते २००१ साली तयार केले. ‘शस्त्रांचे सिंहासन’ या नावाने ते आज जगभर परिचित आहे. २०१० साली ब्रिटिश म्युझियम आणि बीबीसी यांनी शंभर वस्तूंच्या आधारे मानवाचा इतिहास सांगितला, तेव्हा या खुर्चीला त्या मालिकेत अठ्ठ्याण्णवावा क्रमांक मिळाला.

अशा कलाकृतीचे कौतुक करणे सोपे असते. शांतीचा संदेश कोणाला नको आहे? पण केवळ संदेश चांगला म्हणून कलाकृती थोर ठरत नाही. ती आपल्याला ठाऊक असलेलेच पुन्हा सांगते, की नजरेआड राहिलेले काही दाखवते, हा समीक्षेचा खरा प्रश्न आहे. माझ्या मते या खुर्चीचे मोल तिच्या शांतिसंदेशात नाही, तिने दिलेल्या साक्षीत आहे. आणि ती साक्ष आपण अजून नीट ऐकलेली नाही.

प्रथम तिची घडण पाहू. खुर्चीची पाठ दोन जी-३ रायफलींची आहे. या रायफली पोर्तुगीज सैन्याच्या. हात टेकण्याच्या जागी सोव्हिएत बनावटीच्या एके-४७ आहेत. बैठक पोलंड व चेकोस्लोव्हाकिया येथील रायफलींच्या नळ्यांची, तर पुढच्या पायांपैकी एक पाय उत्तर कोरियातील एकेएम रायफलीच्या नळीचा आहे. पाठीच्या वरच्या टोकाला रायफलींचे दस्ते आहेत. त्यांवरची पट्टा ओवण्याची छिद्रे आणि खाचा यांतून दोन हसरे चेहरे उमटल्याचा भास होतो. केस्टर यांनी ते चेहरे कोरलेले नाहीत. दस्त्यांत जे होते तेच त्यांनी दिसू दिले.

ही खुर्ची म्हणजे एक नकाशाच आहे. पाठीपासून पायापर्यंत दृष्टी फिरवली की किती देशांच्या कारखान्यांतून आपण फिरून येतो! मात्र त्यांतला एकही कारखाना मोझांबिकमध्ये नाही. ज्या भूमीवर ही शस्त्रे चालली तिने त्यांतले एकही घडवले नव्हते.

त्या भूमीचा इतिहास आपल्याला अगदीच परका नाही. एके काळी वसईचा कारभार ज्या गोव्यातून चाले, त्याच गोव्यातून मोझांबिकचाही चाले. वसईत १७३९ साली पोर्तुगीज सत्ता संपली. मोझांबिक १७५२ साली गोव्याच्या अमलाखालून वेगळे काढण्यात आले, पण पोर्तुगालच्या ताब्यात मात्र ते १९७५ पर्यंत राहिले. त्याच्या मुक्तिलढ्यात आणि पुढे अध्यक्ष समोरा माशेल यांच्या सल्लागारवर्गात गोव्यात जन्मलेले आकिनो द ब्रागांसा होते. १९८६ साली माशेल यांच्यासोबत विमान अपघातात त्यांचाही अंत झाला.

स्वातंत्र्य मिळून दोन वर्षे होतात न होतात तोच यादवी युद्ध पेटले. फ्रेलिमो सरकारच्या पाठीशी सोव्हिएत गट होता. रेनामो या बंडखोर संघटनेला आधी ऱ्होडेशियाने आणि नंतर दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीने पोसले. १९७७ ते १९९२ या पंधरा वर्षांत सुमारे दहा लाख माणसे युद्ध, उपासमार आणि रोगराई यांना बळी पडली. केस्टर यांच्या स्वतःच्या नात्यातील दोघांना आपले पाय गमवावे लागले. अखेर ४ ऑक्टोबर १९९२ रोजी, असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणाच्या दिवशी, रोममध्ये शांतता करार झाला. तो घडवून आणण्यात संत एजिदिओ या प्रापंचिकांच्या कॅथोलिक संघाचा आणि बैराचे आर्चबिशप जाइमे गोन्साल्विस यांचा मोठा वाटा होता. त्या मध्यस्थांतले एक तरुण धर्मगुरू, मात्तेओ झुप्पी, २०१९ साली कार्डिनल झाले.

करारावर सह्या झाल्या, पण बंदुका कोठे जाणार? संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेने पुष्कळ शस्त्रे गोळा केली. तथापि त्यांतली बरीच नष्ट न होता नव्या सैन्याकडे गेली. शिवाय कितीतरी शस्त्रे जमिनीत पुरलेली, छपरात दडवलेली राहिली. काही सीमा ओलांडून दक्षिण आफ्रिकेतील गुन्हेगारांच्या हाती पडली. ती शोधून नष्ट करण्यासाठी दोन्ही देशांच्या पोलिसांना १९९५ पासून ‘ऑपरेशन रेचल’ ही संयुक्त मोहीम चालवावी लागली. त्याच वर्षी मोझांबिकच्या ख्रिस्ती परिषदेने अँग्लिकन बिशप दिनिश सेंगुलाने यांच्या पुढाकाराने एक योजना हाती घेतली. तिचे नाव ‘शस्त्रांतून कुदळी’. यशया संदेष्ट्याच्या दुसऱ्या अध्यायातील, तलवारींचे फाळ होतील त्या दिवसाचे दर्शन या नावामागे आहे, हे वाचकांनी ओळखलेच असेल. बंदूक आणून द्यावी आणि मोबदल्यात कुदळ, सायकल, शिवणयंत्र किंवा छपराचे पत्रे घेऊन जावे, असा हा व्यवहार होता. जमलेल्या शस्त्रांचे तुकडे करण्यात आले आणि त्यांतले काही मापुटोच्या ‘नुक्लेओ द आर्त’ या कलावंतांच्या संस्थेकडे पोहोचले. सिंहासन जन्मले ते त्या ढिगातून.

याच ढिगातून आणखी एक गाजलेले शिल्प निर्माण झाले. केस्टर, इलारिओ न्हातुगेजा, फिएल दुश सांतुश आणि आदेलिनो सेराफिम माते या चौघांनी मिळून उभारलेला ‘जीवनवृक्ष’ २००५ साली लंडनमध्ये लोकांसमोर आला. हा वृक्ष सुमारे तीन मीटर उंच, अर्धा टन वजनाचा, भोवती पशुपक्षी. प्रथमदर्शनी वृक्ष अधिक भव्य वाटतो. पण दोन्ही कृती शेजारी ठेवून पाहिल्यास सिंहासन सरस ठरते असे मला वाटते. वृक्षात नळीची फांदी होते, लोखंडाच्या पत्र्याची पाने होतात, आणि बंदूक आपली ओळख विसरते. पाहणारा समाधान पावतो. सिंहासनात बंदूक बंदूकच राहते. तिचा चाप, तिचे मॅगझिन, तिची बनावट सारे वाचता येते. वृक्ष परिवर्तनाचा आनंद देतो. खुर्ची मात्र परिवर्तनापूर्वीचा हिशेब मागते. क्षमा करण्याआधी पाप नाव घेऊन कबूल करावे लागते, हे आपल्याला निराळे सांगायला नको.

हा हिशेब काय आहे? लहान शस्त्रे म्हणजे एका माणसाला वाहून नेता व चालवता येतील अशी शस्त्रे : पिस्तूल, रायफल, हलकी मशीनगन. जिनिव्हाच्या ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या संस्थेच्या अंदाजानुसार २०१७ च्या अखेरीस जगात शंभर कोटींहून अधिक बंदुका होत्या. त्यांपैकी सुमारे ८५ कोटी ७० लाख नागरिकांच्या, १३ कोटी ३० लाख सैन्यांच्या आणि २ कोटी ३० लाख पोलिसांच्या ताब्यात होत्या. हे आकडे ऐकले की चर्चा एका ठराविक वाटेने जाते : कायदेशीर बंदूक निराळी, बेकायदा निराळी, कायदेशीर व्यापार चालू द्यावा, चोरटा व्यापार थांबवावा. खुर्चीची साक्ष नेमकी येथेच उभी राहते. तिच्यातील पोर्तुगीज रायफली एका राज्यसत्तेच्या सैन्याच्या होत्या. सोव्हिएत, पोलिश, झेक, कोरियन रायफली ज्या कारखान्यांत घडल्या तेही सरकारांच्या देखरेखीखालचेच. म्हणजे आज आपण ज्यांना चोरटी शस्त्रे म्हणतो, ती एके काळी कोणत्या ना कोणत्या शासनाच्या संमतीने जगात आलेली असतात. धान्य खाल्ल्याने संपते, कापड विरते. नीट ठेवलेली रायफल मात्र तिला देणारे सरकार कोसळले, घेणारे मेले, शत्रू मित्र झाले तरी चालत राहते. कालची कायदेशीर बंदूक उद्या कोणाच्या हाती असेल, हे देणाऱ्याला सांगता येत नाही.

आंतरराष्ट्रीय वादविवाद या सत्याच्या कडेकडेने फिरला आहे. जुलै २००१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेने लहान शस्त्रांच्या बेकायदा व्यापाराविरुद्ध कृतिकार्यक्रम संमत केला. शासनांखेरीज अन्य सशस्त्र गटांना शस्त्रे पुरवू नयेत, असे त्यात स्पष्ट म्हणावे हा आफ्रिकी राष्ट्रांचा आग्रह होता. अमेरिकेने तो मानला नाही, आणि नागरिकांच्या शस्त्रबाळगणीवरील बंधनांचा उल्लेखही गळला. पुढे २ एप्रिल २०१३ रोजी शस्त्रव्यापार करार १५४ विरुद्ध ३ मतांनी संमत झाला. इराण, सीरिया व उत्तर कोरिया यांनी विरोध केला आणि २३ राष्ट्रे तटस्थ राहिली. तो २४ डिसेंबर २०१४ पासून अमलात आला. ज्या शस्त्रांनी वंशसंहार किंवा मानवतेविरुद्धचे गुन्हे होणार हे ठाऊक आहे, ती देऊ नयेत, असे या कराराने प्रथमच जागतिक पातळीवर बंधन घातले. ही लहान गोष्ट नव्हे. पण करारात निर्यात, आयात, वाहतूक आणि दलाली यांची नावे आहेत. मित्रराष्ट्राला फुकट दिलेल्या शस्त्रांचा स्पष्ट उच्चार नाही. मैत्रीपोटी पाठवलेल्या शस्त्रांनी जे देश होरपळले, त्यांच्या दृष्टीने हे मौन फार मोठे आहे.

भारतही तेव्हा तटस्थ राहिला. निर्यातदार आणि आयातदार यांच्या जबाबदाऱ्यांत तोल नाही, आणि दहशतवादी गटांबाबत मसुदा दुबळा आहे, असे भारताचे आक्षेप होते. १९९३ साली रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावर गुपचूप उतरवलेली शस्त्रे आणि २००८ सालचा मुंबईवरील हल्ला आठवला म्हणजे दुसरा आक्षेप निराधार होता असे कोणी म्हणणार नाही. २००१ मध्ये आफ्रिकी राष्ट्रे जे मागत होती, त्याच्या अगदी जवळचे हे मागणे होते.

येथे एक गंभीर प्रतिवाद विचारात घेतला पाहिजे. बंदूक ही नेहमीच शाप असते काय? मोझांबिकच्या राष्ट्रध्वजावर पुस्तक आहे, कुदळ आहे आणि त्यांच्यासोबत संगीन लावलेली एके-४७ ही आहे. त्या देशाच्या दृष्टीने या रायफलीने परकी सत्ता हटवली. २००५ साली ती ध्वजावरून काढण्याचा विचार पुढे आला, नवे नमुनेही मागवले गेले, पण ध्वज बदलला नाही. ज्या मातीत बंदुकीच्या बदल्यात कुदळ दिली गेली, तेथेच ध्वजावर कुदळ आणि बंदूक एकमेकींना छेदून उभ्या आहेत. मिखाइल कलाश्निकोव्ह यांच्याही मनात हा पेच होता. २०१३ साली निवर्तण्यापूर्वी त्यांनी रशियन ऑर्थोडॉक्स चर्चच्या प्रमुखांना पत्र लिहून, आपल्या रायफलीने घेतलेल्या प्राणांचा दोष आपल्याकडे येतो काय, असे विचारले होते. मातृभूमीच्या रक्षणासाठी शस्त्र असेल तर चर्च ते घडवणाऱ्याच्या पाठीशी आहे, असे उत्तर चर्चच्या वतीने सांगितले गेले. पण या उत्तराने केवळ पहिल्या हाताचा प्रश्न सुटतो; दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या हाताचे काय? आपल्या ख्रिस्तसभेनेही स्वसंरक्षणाचा हक्क कधी नाकारलेला नाही. मात्र १९९४ साली न्याय व शांतीविषयक परमधर्मपीठीय परिषदेने शस्त्रव्यापारावर जे चिंतन प्रसिद्ध केले, त्यात रक्षणास पुरेसे तेवढेच शस्त्र, ही मर्यादा घातली आणि शस्त्र ही इतर मालासारखी वस्तू नव्हे, असे बजावले. खुर्चीने लोखंडात सांगितले ते हेच.

तरीही या कलाकृतीला मर्यादा आहेत. ते हसरे चेहरे प्रेक्षकाला फार लवकर सुटका देतात असे वाटते. आणि काचेआडची बंदूक पाहून, हा प्रश्न आता इतिहासजमा झाला, असा समज होण्याचा धोका तर मोठाच आहे. प्रत्यक्षात रेनामोने २०१३ च्या सुमारास पुन्हा शस्त्र उचलले. ऑगस्ट २०१९ मध्ये नवा करार झाला, पुढच्याच महिन्यात पोप फ्रान्सिस यांनी त्या देशाला भेट दिली, आणि २०२३ साली रेनामोचा शेवटचा तळ बंद झाला. पण तोपर्यंत उत्तरेकडील काबो देल्गादो प्रांतात २०१७ पासून निराळाच रक्तपात सुरू झाला होता. कुदळी वाटून झाल्या म्हणून बंदुका येण्याच्या थांबल्या नाहीत.

याचा दोष बिशप सेंगुलाने यांच्या योजनेकडे किंवा केस्टर यांच्या कलेकडे जात नाही. त्यांनी ओंजळीने पाणी उपसले. धरणाचे दार त्यांच्या हाती नव्हते. ते ज्यांच्या हाती आहे त्यांची नावे खुर्चीच्या पाठीवर, हातांवर आणि पायांवर आहेत, आणि लंडनच्या त्या दालनात ती कोणालाही वाचता येतात. सिंहासनाची बैठक मात्र रिकामी आहे. राजा बसावा म्हणून ती घडवलेली नाही. तेथे ज्यांनी बसून उत्तर द्यायचे आहे, ते अजून आलेले नाहीत.